रिकाम्या डब्याचे मोल

दिवाळी जवळ आली की सोलापुरात घरोघरी साफसफाईला प्रारंभ होतो. माळ्यावरून, मोरीच्या कोपऱ्यातून आणि गच्चीवरून वर्षभर साठलेल्या वस्तू खाली येतात आणि त्यांत डब्यांचा भरणा मोठा असतो. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा, तुपाचा गोल डबा, तान्ह्या मुलाच्या दूध पावडरीचे डबे, भिंतीला दिलेल्या रंगाचे डबे, ढेकूण-झुरळांवर मारावयाच्या औषधाचा फवारा आणि अलीकडच्या काळात शीतपेयांचे हलके कॅन असा हा संसार असतो. यांतले काय ठेवावे, काय विकावे आणि काय टाकून द्यावे, असा प्रश्न गृहिणीपुढे उभा राहतो. डबे धुवा, वेगळे ठेवा, भंगारात द्या, असे सर्वत्र सांगितले जाते; परंतु एवढा खटाटोप करून हाती काय लागते, ही शंकाही तितकीच रास्त आहे. ज्या घरात पाणी मोजून वापरावे लागते आणि दिवसाचा प्रत्येक तास मजुरीशी बांधलेला असतो, त्या घराला ही शंका विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तिचे उत्तर उपदेशाने नव्हे, तर हिशेबाने देणे योग्य ठरेल.

डब्याचे अनेक जन्म

आपल्याकडे रिकामा डबा हा कधीच केवळ कचरा नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रॉकेल चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यातून गावोगाव पोचत असे. रॉकेल संपले की त्याच डब्याला आडवी लाकडी दांडी ठोकून पाणी भरण्यासाठी तो वापरला जाई. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि त्याचा पिवळा डबा घराघरांत धान्य, डाळी, गूळ व पापड साठविण्यासाठी स्थिरावला. डबा जुना झाला की त्यात तुळस लागे. तळ गेला की कोपऱ्यावरच्या पत्रेवाल्याकडे जाऊन त्याची चाळण, नरसाळे, शेगडी किंवा कंदिलाचे झाकण होई. झोपडीच्या भिंतीला आणि न्हाणीच्या आडोशालाही असा पत्रा सपाट करून लावला जात असे. पुनर्वापर हा शब्द रूढ होण्यापूर्वीच त्यामागील व्यवहार समाजाच्या अंगवळणी पडलेला होता.

आज परिस्थिती पालटली आहे. धान्यासाठी स्टीलचे आणि प्लॅस्टिकचे डबे आले, पत्र्याची कामे करणारे कारागीर कमी झाले आणि घरात येणाऱ्या डब्यांची संख्या मात्र वाढली. पूर्वी एका डब्याला दहा उपयोग होते; आता दहा डब्यांना एक उपयोग सापडणे कठीण झाले आहे. त्यामुळे उरलेला डबा एकतर भंगारवाल्याच्या गाडीत जातो किंवा घंटागाडीतून शहराबाहेरच्या डेपोत. या दोन वाटांमधील अंतर बरेच मोठे आहे.

पत्रा कोणता, जर्मन कोणते?

व्यवहारात सर्वच डब्यांना ‘टिनचा डबा’ म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः तेलाचा किंवा दूध पावडरीचा डबा हा पोलादाच्या पातळ पत्र्याचा असतो आणि त्याला गंज चढू नये म्हणून त्यावर कथिलाचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आपण जी कल्हई करतो, तीही कथिलाचीच. फरक एवढाच की कारखान्यातील हा थर केसाच्या जाडीपेक्षा कित्येक पटींनी पातळ असतो. शीतपेयांचे कॅन मात्र आपल्याकडे बहुधा ॲल्युमिनियमचे, म्हणजे घरगुती भाषेत ‘जर्मन’चे असतात.

दोहोंतील फरक ओळखणे सोपे आहे. एखादा साधा लोहचुंबक डब्याला लावून पाहावा. चिकटला तर पत्रा, न चिकटला तर ॲल्युमिनियम. हा फरक ध्यानात ठेवण्याचे कारण असे की भंगाराच्या बाजारात ॲल्युमिनियमला पत्र्याच्या कितीतरी पट भाव मिळतो. दोन्ही एकत्र दिल्यास सर्वच माल पत्र्याच्या भावाने मोजला जाण्याचा संभव असतो.

धातूचा जमाखर्च

ॲल्युमिनियमला एवढा भाव का, याचे उत्तर त्याच्या निर्मितीत आहे. हा धातू बॉक्साइट नावाच्या दगडापासून मिळतो. आपल्या राज्यात कोल्हापूर जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पठारांवर बॉक्साइटचे साठे आहेत. एक टन ॲल्युमिनियम तयार करण्यासाठी साधारणपणे चार टन बॉक्साइट खणावे लागते. त्यापासून सुमारे दोन टन ॲल्युमिना नावाची पांढरी भुकटी निघते आणि त्या भुकटीतून विजेच्या प्रवाहाने धातू वेगळा केला जातो. या शेवटच्या टप्प्यावर दर टनामागे १३ ते १५ हजार युनिट वीज खर्च होते. याउलट जुने ॲल्युमिनियम वितळविण्यास ६६० अंश सेल्सियस तापमान पुरते आणि नव्या धातूच्या तुलनेत अवघी पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. म्हणजेच सुमारे ९५ टक्के ऊर्जेची बचत होते.

हा हिशेब एका कॅनवर आणून पाहू. शीतपेयाचा रिकामा कॅन साधारण १५ ग्रॅम भरतो. एका किलोत असे पासष्ट-सत्तर कॅन बसतात. एक कॅन पुन्हा भट्टीत गेला तर वाचणारी वीज सुमारे एकपंचमांश युनिट होते. नऊ वॉटचा दिवा एवढ्या विजेवर वीस तासांहून अधिक जळू शकतो. एक दिवा, एक रात्र आणि वर दुसरा दिवसही. एका कॅनची किंमत ती एवढी.

पोलादाची बचत प्रमाणाने कमी, पण नगण्य नाही. एक टन जुने पोलाद पुन्हा वापरात आले तर सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो, असे जागतिक पोलाद उद्योगाचे मोजमाप आहे. पोलादासाठी लागणारा कोळसा विशिष्ट प्रतीचा असतो आणि भारताला तो मोठ्या प्रमाणात परदेशातून आणावा लागतो. आपल्या राज्यात जालना येथील पोलाद कारखाने भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार करण्यासाठी प्रसिद्ध आहेत. घरातून निघालेला पत्रा अशाच भट्ट्यांतून एखाद्या इमारतीच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतो आणि पुढील पन्नास वर्षे कामाला येतो.

शहराचा हिशेब

एका घराचा हिशेब लहान. मग शहराचा केवढा होईल? २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८ होती. कुटुंबात सरासरी पाच माणसे धरली तर ही सुमारे १ लाख ९० हजार कुटुंबे होतात. प्रत्येक कुटुंबातून वर्षाकाठी केवळ अर्धा किलो पत्रा निघतो असे गृहीत धरले, तरी एकूण ९५ टन पत्रा जमतो. वरील प्रमाणाने त्यातून सुमारे १३० टन लोहखनिज आणि ७० टन कोळसा वाचेल. दहा टनी मालमोटारी धरल्या तर हा वीस मोटारींचा माल झाला.

परंतु याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. सोलापूरजवळ फताटेवाडी येथे राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे १,३२० मेगावॉट क्षमतेचे केंद्र आहे. एक युनिट विजेसाठी ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर हे केंद्र पूर्ण क्षमतेने चालत असताना तासाला ८०० टनांच्या आसपास कोळसा जाळील. म्हणजे साऱ्या सोलापूर शहराने वर्षभर जपून ठेवलेल्या पत्र्यातून वाचणारा ७० टन कोळसा हा या केंद्राच्या पाच-सहा मिनिटांच्या खर्चाइतका आहे.

हे वास्तव लपविण्याचे कारण नाही. रिकामे डबे वेगळे ठेवल्याने देशाचा ऊर्जेचा प्रश्न सुटेल, असे म्हणणे ही अतिशयोक्ती ठरेल. विजेच्या बचतीसाठी घरातील दिवे, पंखे आणि पाण्याचे पंप यांकडे लक्ष देणे अधिक फलदायी आहे. तथापि, ऊर्जा हे जमाखर्चाचे एकच पान झाले. उरलेली पाने उलटल्याखेरीज निर्णय करता येणार नाही.

वेळेचे मोल

सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाचा आवाज ऐकू येतो, तर हजारो घरांच्या उंबऱ्यात स्त्रिया विड्या वळीत बसलेल्या असतात. विडी कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि हजार विड्या वळण्यास साधारण आठ ते दहा तास लागतात. म्हणजे तिच्या अर्ध्या मिनिटाची किंमत एक विडी. वेळेचे मोल काय, हे या शहराला निराळे शिकविण्याची आवश्यकता नाही.

एक डबा विसळून, दाबून, पिशवीत टाकण्यास अर्धा मिनिट पुरतो. वर्षभरात साठ लहान डबे धरले तर अर्धा तास, अर्थात साठ विड्यांचा वेळ. साठ विड्यांची मजुरी ही काही मोठी रक्कम नव्हे. त्या डब्यांच्या पत्र्याचा मोबदलाही तसाच बेताचा असतो. केवळ पैशाच्या दृष्टीने पाहिले तर लहान डब्यांच्या बाबतीत जमा आणि खर्च जवळजवळ सारखे पडतात. तेलाच्या मोठ्या डब्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो एकटाच साधारण किलोभर भरतो आणि त्याला लागणारा वेळ लहान डब्याहून फारसा अधिक नसतो. तेथे मोबदला निश्चितच वेळेपेक्षा जड आहे. ॲल्युमिनियमच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. घरात एखादे गळके जर्मनचे पातेले असेल तर कॅन त्याच्यासोबत द्यावेत.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. युरोप-अमेरिकेतील नागरिकाला अनेक ठिकाणी डबे धुऊन ठरावीक पेटीत नेऊन टाकावे लागतात. आपल्याकडे भंगारवाला हातगाडी, सायकल अथवा टेम्पो घेऊन दारापर्यंत येतो, तराजूत मोजतो आणि रोख पैसे देतो. दोन-चार डबे देण्यासाठी मुद्दाम स्कूटर काढून पाच किलोमीटर जाणे मात्र व्यर्थ आहे. त्यात जळणारे पेट्रोल ही डब्यांतून झालेली बचत सहज गिळून टाकील. डबे साठवावेत आणि भंगारवाला आला की एकदम द्यावेत, हेच शहाणपणाचे.

पाण्याचा प्रश्न

डबे धुण्याचा सल्ला सोलापुरात देताना विचार करावा लागतो. या शहराला सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरील उजनी धरणातून पाणी आणावे लागते. त्याखेरीज भीमा नदीवरील टाकळी आणि हिप्परग्याचा तलाव यांचा आधार आहे. असे असूनही अनेक वर्षे शहरवासीयांना काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या पाण्यावर भागवावे लागले. अशा शहरात नळाखाली डबा धरून तो चकचकीत करणे म्हणजे एक बचत करण्यासाठी दुसरी उधळपट्टी होय.

सुदैवाने त्याची गरजही नाही. भट्टीचे तापमान एवढे असते की डब्याला चिकटलेला अन्नाचा अंश त्यात जळून जातो. विसळण्याचा हेतू धातू शुद्ध करणे हा नसून घरात ठेवलेल्या डब्याला वास, मुंग्या, माशा आणि उंदीर लागू नयेत एवढाच आहे. त्यासाठी भांडी घासून झाल्यावर उरलेले शेवटचे पाणी पुरेसे असते. तेलाच्या डब्याला तर पाणी लावूच नये. तो उन्हात उपडा ठेवून तेल निथळू द्यावे आणि आत जुन्या वर्तमानपत्राचा बोळा किंवा चिंधी फिरवावी. वस्त्रोद्योगाच्या या शहरात चिंधीची वाण कधी पडलेली नाही. गॅसवर पाणी तापवून डबे धुणे हे सर्वथा अनावश्यक आहे.

साचलेले पाणी आणि डास

आता जमाखर्चाच्या एका महत्त्वाच्या पानाकडे वळू. गच्चीवर, परसात किंवा गटाराच्या कडेला फेकलेला डबा निरुपद्रवी वाटतो. पहिला पाऊस पडला की त्यात पेलाभर पाणी साचते आणि तेवढे पाणी डेंग्यूच्या डासाला पुरेसे असते. एडिस जातीचा हा डास घाण गटारापेक्षा भांड्यांत, टाक्यांत आणि टाकाऊ वस्तूंत साचलेल्या तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अनुकूल हवामानात आठ ते दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. एवढेच नव्हे, तर भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्या अवस्थेतही अनेक महिने टिकून राहतात आणि पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणूनच डबा केवळ उपडा करणे पुरेसे नसते. तो हलविणे आवश्यक असते.

जेथे पाणी रोज येत नाही, तेथे लोक पिंपे, हंडे आणि डबे भरून ठेवतात. त्यामुळे सोलापूरसारख्या शहरात या डासाला आधीच आसरा मिळतो. आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन करते, त्यामागील कारण हेच. साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासणे हे घरच्या माणसांच्या हाती असते. परंतु भिंतीपलीकडे फेकलेल्या डब्याला मालक नसतो आणि त्याचा कोरडा दिवस कोणीच पाळत नाही. एका कुटुंबाने टाकलेल्या डब्याची शिक्षा शेजारच्या घरातील मुलाला तापाच्या रूपाने भोगावी लागू शकते. डेंग्यूचा एक आजार म्हणजे मजुरीचे बुडालेले दिवस, औषधांचा खर्च आणि प्रसंगी जिवाची भीती. डबा वेगळा ठेवण्याच्या अर्ध्या मिनिटाशी याची तुलना करून पाहिली म्हणजे तराजूचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, हे सांगावे लागत नाही.

कचरा वेचणारे हात

टाकलेला प्रत्येक डबा डेपोत कायमचा पडून राहतो असे नाही. त्यातील बराच पत्रा कोणी ना कोणी वेचून बाहेर काढते. हे काम करणाऱ्यांत गरीब स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. ओल्या कचऱ्यात मिसळलेला डबा शोधताना हाताला शिळे अन्न, काच आणि डब्याच्या झाकणाची सुरीसारखी धार लागते. त्याच डब्याला घरी वेगळे ठेवले असते तर तीच धातू, तेच पैसे, पण जखम नाही आणि दुर्गंधीही नाही.

या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्याच राज्यात झाला. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या सहभागाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. संघटनेच्या नावातच ‘पत्रा’ आहे, ही बाब बोलकी आहे. कचरा वेचणाऱ्यांना ओळखपत्रे मिळाली आणि पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेच्या सहकार्याने दारोदार कचरा गोळा करू लागली. डेपोच्या ढिगावरून वेचणारी स्त्री सोसायटीच्या दारात येऊन सन्मानाने सुका कचरा घेऊ लागली. भारत सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही कचरा वेचकांची दखल घेतली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

जगाचा अनुभवही याला पुष्टी देणारा आहे. जर्मनीने २००३ पासून पेयांच्या कॅनवर अनामत रक्कम आकारण्यास प्रारंभ केला. रिकामा कॅन परत दिला की २५ सेंट परत मिळतात. ब्राझीलमध्ये मात्र ॲल्युमिनियमच्या ९५ टक्क्यांहून अधिक कॅनचे पुनश्चक्रण होते आणि त्याचे मोठे श्रेय रस्त्यारस्त्यांतून कॅन गोळा करणाऱ्या गरीब वेचकांकडे जाते. अमेरिकेसारख्या संपन्न देशात हे प्रमाण निम्म्याच्याही खाली राहिले आहे. तात्पर्य असे की डब्यांचे पुनश्चक्रण यंत्रांवर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते डबा उचलणाऱ्या हातांवर आणि तो वेगळा ठेवणाऱ्या घरांवर अवलंबून असते.

सोलापूर नगरपालिकेचे रूपांतर १९६४ मध्ये महानगरपालिकेत झाले. पुढे तुळजापूर रस्त्यावर शहराच्या कचऱ्यापासून वायू आणि वीज निर्माण करण्याचा, दररोज ४०० टन क्षमतेचा प्रकल्प उभारण्यात आला. अशा कोणत्याही प्रकल्पात कुजू शकणारा ओला कचराच उपयोगी पडतो. डबे, काचा आणि दगड यंत्रांत अडथळा आणतात व खत नासवितात. त्यांना वेगळे करण्याचा खर्च अखेर नागरिकांच्याच करातून जातो. स्वयंपाकघरात अर्ध्या मिनिटात होणारे काम डेपोत यंत्रे आणि मजूर लावूनही तितके चांगले होत नाही.

हे डबे पुन्हा वापरू नयेत

पुनर्वापर चांगला असला तरी तो सरसकट हितकारक नाही. रिकाम्या तेलाच्या अखंड डब्याला पत्र्याच्या भावापेक्षा अधिक पैसे मिळतात, याचा अनुभव अनेकांना असेल. असा डबा पुन्हा तेल भरण्यासाठी वापरला जाण्याचा धोका असतो. आत राहिलेले जुने, खवट तेल आणि सांध्यांत धरलेला गंज नव्या तेलात उतरतो. म्हणूनच एकदा वापरलेला पत्र्याचा डबा खाद्यतेल व स्निग्ध पदार्थ भरण्यासाठी पुन्हा वापरण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी मनाई केली. करडईचे तेल घाण्यावरून आणणाऱ्या ग्राहकानेही ते कोणत्या डब्यात भरून मिळते, हे पाहून घ्यावे. रिकामा डबा विकताना त्याला खिळ्याने दोन-तीन भोके पाडली किंवा तो चेपला तर चार पैसे कमी मिळतील. परंतु तो डबा फिरून कोणाच्या फोडणीत येणार नाही, याची खात्री राहील.

कीटकनाशकांच्या डब्यांचा धोका यापेक्षाही गंभीर आहे. सोलापूर जिल्ह्यात डाळिंब आणि द्राक्षांच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत आणि त्यांवर औषधांची फवारणी होते. अशा डब्यांवर विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. हा डबा कितीही वेळा धुतला तरी त्यात पाणी, धान्य, तेल किंवा जनावरांचे खाद्य ठेवू नये. रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत, यासाठी १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच तरतूद करण्यात आली होती. रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे यांना २०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात गणले. ते सुक्या कचऱ्यातही न मिसळता वेगळे द्यावेत. फवाऱ्याचा बंद डबा रिकामा वाटला तरी त्यात दाब शिल्लक असतो. त्याला भोक पाडणे, ठोकणे किंवा शेकोटीत टाकणे स्फोटाला निमंत्रण देणारे आहे.

घरात काय करता येईल?

या साऱ्या विवेचनाचे सार व्यवहारात उतरविणे अवघड नाही. मोरीजवळ किंवा गच्चीच्या जिन्याखाली, जेथे पाऊस लागणार नाही अशा जागी, एक गोणपाटाची पिशवी टांगावी. डबा रिकामा झाला की भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात विसळून उपडा ठेवावा. कापलेले झाकण डब्याच्या आत टाकून डब्याचे तोंड दाबून घ्यावे, म्हणजे धार कोणाच्या हाताला लागणार नाही. कॅन पायाने चेपावा. त्याने जागा वाचते. ॲल्युमिनियमची चंदेरी कागदी वेष्टने सुटी टाकू नयेत, कारण पातळ सुटा पत्रा भट्टीत वितळण्याऐवजी मोठ्या प्रमाणात जळून जातो. त्यांचा घट्ट गोळा करून ठेवावा. चुंबकाने पत्रा आणि जर्मन वेगळे करावे. भंगारवाला येईल तेव्हा त्याला द्यावे, अथवा घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात स्वतंत्र पिशवीतून टाकावे. ज्या कुटुंबाला त्या पैशांची गरज नसेल, त्याने आपल्या वस्तीत कचरा वेचणाऱ्या स्त्रीला ते द्यावेत. आपल्याला ज्या रकमेचे महत्त्व वाटत नाही, ती तिच्या घरी एका वेळच्या भाकरीला हातभार लावू शकते.

ज्याला तुळस किंवा गवती चहा लावावयाचा असेल त्याने डबा अवश्य वापरावा; मात्र त्याच्या तळाला भोके पाडावीत आणि खाली ठेवलेल्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. गंज चढून पत्रा जीर्ण झाला की तोही भंगारातच द्यावा. गंजलेल्या पत्र्यातही पोलाद शिल्लक असते.

तेव्हा हा खटाटोप करण्यासारखा आहे काय? पैशाच्या हिशेबाने, मोठा डबा आणि ॲल्युमिनियम यांच्यासाठी होय. लहान डब्यांसाठी जेमतेम. देशाच्या ऊर्जेच्या हिशेबाने, थोडासा. पाणी आणि पेट्रोल उधळून केल्यास मुळीच नाही. परंतु वस्तीचे आरोग्य, कचरा वेचणाऱ्या हातांची सुरक्षितता आणि पुढच्या माणसाच्या पोटात जाणारे तेल यांचा विचार केला तर निःसंशय होय. शासन नियम करू शकते, महानगरपालिका गाडी पाठवू शकते. मात्र डबा ओल्या कचऱ्यात पडणार की पिशवीत, हे ठरविण्याचा क्षण स्वयंपाकघरातच येतो आणि तेथे कोणताही निरीक्षक उभा नसतो. तो अर्धा मिनिट ज्याच्या त्याच्या हातात आहे.